नाक्यावर फॉर्म भरून मिळत नाहीत, मग फील्डवर्क करायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नाशिकमध्ये एम.ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहात. प्रोजेक्टचा विषय 'नाशिक शहरातील मजूर नाक्यावरील आदिवासी मजुरांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास'. मार्गदर्शकांनी 100 प्रश्नावल्या भरून आणायला सांगितल्या. तुम्ही 42 प्रश्न काढले आणि सकाळी सातला पंचवटीतल्या एका नाक्यावर गेलात. माणसं भोवती जमली, काहींनी आधार कार्ड पुढे केलं, आणि ही योजना नाही हे कळल्यावर पांगली. साडेनऊला नाका रिकामा झाला. हातात 11 फॉर्म आले आणि 'समस्या कोणत्या' या रकान्यात सगळीकडे 'काही नाही, बरं चाललंय' किंवा 'पाणी'. आता उरलेले 89 कसे भरायचे, गूगल फॉर्म चालेल का, आणि माणसं बोलती कशी करायची, असं तुम्ही विचारलंय.

89 चा आकडा आधी डोक्यातून काढा. नेट लावला तर ते आठवड्याभरात भरतीलही. पण नाक्यावर रोज वेगळी माणसं येतात आणि उद्या कोण येणार याची यादी कुणाकडेच नसते. यादी नसली की भेटलेली 100 माणसं नेमकी कुणाच्या वतीनं बोलतायत हे सांगता येत नाही. मग अहवालात '63 टक्के मजूर असमाधानी आहेत' असं लिहिलं तर ते टक्के कशाचे, याला तुमच्याकडे उत्तर नसेल. गूगल फॉर्मनं यात काही सुधारणार नाही. ज्याच्या हातात स्मार्टफोन आहे आणि ज्याला वाचता येतं तेवढ्यांचीच उत्तरं येतील, म्हणजे अडचण आणखी वाढेल.

माझ्या मते खरी अडचण दुसरीच आहे. तुमच्याकडे विषय आहे, प्रश्न नाही. 'मजुरांच्या समस्या' म्हटलं की मजुरी, पाणी, शाळा, दवाखाना, दारू, रेशन, कर्ज सगळंच आत येतं, म्हणून प्रश्नही 42 झाले. नाशिकच्या एका नाक्याला एका सत्रात उत्तर देता येईल एवढा छोटा प्रश्न शोधा. उदाहरणार्थ : नाक्यावर सकाळी कुणाला आधी काम मिळतं, कुणाला शेवटपर्यंत मिळत नाही, आणि हे कशावरून ठरतं? दिसायला साधा आहे, पण गाव, नातं, वय, बाई-पुरुष, मुकादमाची ओळख, मागच्या हंगामातली उचल (आगाऊ घेतलेले पैसे), कडेवर मूल असणं-नसणं हे सगळं त्यातून आपोआप बाहेर येतं. आणि या प्रश्नाचं बरंचसं उत्तर कुणालाही काहीही न विचारता, नुसतं नीट पाहून मिळतं. तुमचं फील्डवर्क तिथूनच सुरू व्हायला हवं होतं. फॉर्म फार नंतर येतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. पहिली म्हणजे हंगाम. नाशिकच्या नाक्यांवरची गर्दी द्राक्षांच्या आणि भाताच्या वेळापत्रकावर चालते. पेठ, सुरगाणा, हरसूल या आदिवासी भागातली कुटुंबं जुलैत भातलावणीला घरी असतात. सप्टेंबरअखेरपासून दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या गोड्या बहाराची (फळासाठीची) छाटणी सुरू होते, मग पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणं), फेलफूट म्हणजे नको असलेले फुटवे काढणं, नोव्हेंबर-डिसेंबरात डिपिंग (घड औषधात बुडवणं) आणि विरळणी, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी. मधेच ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरचं भात कापायला माणसं परत जातात. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड असते, मार्चपासून कांदा काढणी. आणि होळीला या भागातला माणूस गावीच जातो. होळीच्या आठवड्यात नाक्यावर जाऊन 'मजूर कमी झाले' असा निष्कर्ष काढणारे अहवाल दर वर्षी येतात. त्यामुळे तुम्ही कोणत्या महिन्यात पाहिलंत हे अहवालाच्या पहिल्या पानावर यायलाच हवं. त्याच नाक्यावर बांधकामाचे गवंडी आणि बिगारीही उभे असतात. त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून त्यांची मोजणी वेगळी ठेवा.

दुसरी गोष्ट भाषा. कोकणा या आदिवासी समाजाची बोली कानावर नसेल तर सुरगाण्याकडच्या बायकांचं आपसातलं बोलणं निम्मं निसटतं. तुमच्याशी त्या मराठीत बोलतील, पण ती पाहुण्यांसाठी ठेवलेली मराठी असते. वर्गात पेठ-सुरगाण्याची एखादी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्यांच्याबरोबर जोडीनं काम करा आणि अहवालात त्यांचं श्रेय लिहा. तिसरी गोष्ट, पहाटे साडेसहाला बाहेर पडणं तुम्हाला घरून जमतं का. जमत नसेल तर विषय बदलणं जास्त प्रामाणिक ठरेल. त्याबद्दल पुढे सांगते.

आता प्रत्यक्ष काम. पहिले दोन आठवडे प्रश्न विचारायचे नाहीत. आठवड्यातून तीन सकाळी जा : दोन साध्या दिवशी आणि एक आठवडे बाजाराच्या दिवशी, कारण बाजाराच्या दिवशी उपस्थिती बदलते. चहाच्या टपरीजवळ, रहदारीच्या आड येणार नाही अशी एक जागा धरा आणि दर वेळी तिथेच बसा. साडेसहापासून साडेनऊपर्यंत दर अर्ध्या तासानं मोजा : पुरुष किती, बाया किती, कडेवरची किंवा सोबतची मुलं किती, किती गाड्या थांबल्या, किती माणसं गेली. मोजणी एकाच माणसानं, एकाच क्रमानं, रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करायची. दोघं असाल तर पहिल्या दिवशी दोघांनी वेगवेगळी मोजून आकडे ताडून पाहा. फरक दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त आला तर नाक्याची हद्द कुठपर्यंत धरायची हेच तुमचं ठरलेलं नाही. ती आधी ठरवा आणि नकाशावर आखा. सहा सकाळी मिळून वेळेनुसार गर्दीचा जो तक्ता तयार होईल, तो तुमच्या 100 फॉर्मपेक्षा भक्कम असेल, कारण ते आकडे कशाचे आहेत हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल.

मोजणीच्या मधल्या वेळात एकच प्रसंग धरून बसा : गाडी थांबण्यापासून निघेपर्यंतचा. पिकअप थांबली की शेतकरी खाली उतरतो की खिडकीतूनच बोलतो? पहिला प्रश्न कुणाचा असतो? बऱ्याचदा तिकडून 'किती जण?' येतं आणि इकडून 'काम काय?' रोजाचा आकडा लगेच निघतो की आधी काम रोजानं का उक्तं (पूर्ण कामाचे मिळून ठरलेले पैसे), हे ठरतं? घासाघीस कोण करतं? होकार देण्याआधी बोलणारी बाई मागे वळून कुणाकडे पाहते? संध्याकाळी आणून सोडणार का, हे कोण विचारतं? गाडीत बसताना कुणाला 'तुम्ही राहू द्या' म्हटलं जातं? असे दहा-बारा सौदे जसेच्या तसे टिपले की दिसायला लागतं की माणसं एकेकटी जात नाहीत, गावाच्या किंवा पाड्याच्या टोळीनं जातात, आणि टोळीत जागा असणं हीच त्या सकाळची सगळ्यात मोठी पुंजी असते. हे तुम्हाला मुलाखतीत कुणी सांगणार नाही. सांगायचं नसतं म्हणून नव्हे. त्यांना ते सांगण्याजोगं वाटतच नाही.

इथे एक धोका आहे आणि तो फार जण ओळखत नाहीत. तुम्ही 11 फॉर्म भरलेत ते कधी भरलेत? अंदाज करते : साडेआठनंतर, कारण त्याआधी कुणाला वेळच नव्हता. म्हणजे ती सगळी त्या दिवशी काम न मिळालेली माणसं. वयस्क, लहान मूल सोबत असलेली, नवखी, किंवा ज्यांची टोळी आधीच निघून गेली अशी. त्यांच्या उत्तरांवरून 'नाक्यावरचा मजूर असा असतो' असं लिहिलंत तर चित्र चुकेल. सात ते साडेआठ ही त्यांची भाव ठरवायची वेळ. त्या वेळी मुलाखत मागणं म्हणजे एखाद्याचा रोज बुडवणं, ते करूच नका. काम मिळालेल्यांना भेटायचं तर संध्याकाळी, त्यांच्या मुक्कामाच्या जागी, पालावर. साडेसहानंतर बाया चुलीपाशी असतात आणि हात चालू असताना मोकळं बोलतात. पुरुष जरा उशिरानं, पण साडेसातच्या पुढे थांबू नका. तुम्हालाही परत यायचंय आणि त्यांनाही पहाटे उठायचंय. मुलाखत कोणत्या वेळी घेतली हे प्रत्येक नोंदीवर लिहा. शेवटी सकाळी मागे राहिलेले आणि संध्याकाळी कामावरून परत आलेले असे दोन गट आपोआप समोर येतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन गटांच्या फरकातच आहे.

नोंदींबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक प्रोजेक्ट इथेच फसतात. जागेवर फक्त खुणेपुरतं लिहायचं : खिशात मावणाऱ्या डायरीत वेळ, दोन-चार शब्द, कुणाचं एखादं वाक्य. मोठी वही उघडून बसलात की तुम्ही सर्व्हेवाल्या होता. पूर्ण नोंद त्याच रात्री, झोपायच्या आधी. एक तासाच्या निरीक्षणाला लिहायला दोन ते तीन तास लागतात. तेवढा वेळ मिळणार नसेल तर निरीक्षण एकाच तासाचं करा, पण नोंद दुसऱ्या दिवसावर टाकू नका. रात्रीच्या झोपेनंतर प्रसंग राहतो, शब्द जातात. पानाचा एक तृतीयांश भाग डावीकडे कोरा सोडा. उजवीकडे पाहिलेलं आणि ऐकलेलं. कुणाचे नेमके शब्द असतील तरच अवतरणचिन्हात, आठवणीतून मथितार्थ लिहीत असाल तर चिन्हं नकोत. तुम्हाला काय वाटलं ते कोऱ्या भागात, वेगळ्या शाईनं. 'ती दुःखी होती' हे नोंदीत येत नाही. 'तिनं उत्तर दिलं नाही, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि पोरीला जवळ घेतलं' हे येतं. दुःख, लाज की कंटाळा, ते महिन्याभरानं पुन्हा वाचताना ठरवा.

पहिल्या दिवसापासून खरी नावं वापरू नका. प्रत्येकाला एक खूण द्या, जसं बा-1, पु-4, आणि कोणती खूण कुणाची हे वेगळ्या कागदावर, घरी. आधार क्रमांक कुणी दाखवला तरी लिहायचा नाही, फोटो काढायचा नाही. दर आठवड्याला वहीच्या पानांचे फोटो काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात फील्डवर्क केलं. त्या नोंदींवर प्रक्रिया करून तयार केलेल्या तिन्ही प्रती 1970 मध्ये स्टॅनफर्डला एकाच खोलीत होत्या आणि जाळपोळीत तिन्ही गेल्या. आठवणीतून पुस्तक उभं करणं त्यांना जमलं, पण त्यांच्या मागे अनेक वर्षांचं चिंतन होतं. तुमच्यामागे एक सत्र आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून बोलायला लागा. तोवर चहावाला तुम्हाला ओळखत असेल आणि 'ही रोज येते, काही वाटत नाही' हे नाक्यावर पसरलेलं असेल. ओळख करून देताना पहिल्या तीन-चार वाक्यांत तीन गोष्टी याव्यात : तुम्ही कोण, यातून त्यांना काय मिळणार नाही, आणि नाही म्हटलं तर चालेल. साधारण असं : 'मी अमुक कॉलेजात शिकते. काम कसं मिळतं, कोण कुणाबरोबर जातं यावर मला परीक्षेसाठी लिहायचंय. ही सरकारी योजना नाही, यात पैसे नाहीत, रेशन नाही, तुमचं नाव कुठं जाणार नाही. बोलायचं नसेल तर नका बोलू, मधेच उठून गेलात तरी चालेल.' हे पाठ करून न म्हणता बोलून दाखवा. 'ही सरकारी योजना नाही' हे वाक्य गाळायचा मोह होईल, कारण ते म्हटल्यावर निम्मी माणसं उठतात. उठू द्या. तुम्हाला आधार कार्डं का दाखवली गेली? कारण हातात फॉर्म आणि पेन घेऊन येणारं माणूस त्यांच्या अनुभवात काहीतरी देणारं किंवा काहीतरी काढून घेणारं असतं. म्हणून ते 11 फॉर्म टाकून देऊ नका. त्या सकाळी काय घडलं याची आठवेल तेवढी नोंद आजच लिहा. लोकांनी तुम्हाला काय समजून उत्तरं दिली, हाही तुमच्या अभ्यासातला पुरावा आहे. 'बरं चाललंय' हे सरकारी वाटणाऱ्या माणसाला दिलेलं उत्तर आहे, असं ते वाचा.

संमती तोंडीच घ्या. सही किंवा अंगठा मागितला की जमीन आणि कर्ज आठवतं. तोंडी संमती कधी, कुणासमोर घेतली ते नोंदीत लिहा, एवढं पुरतं. विभागाला कागद हवाच असेल तर मार्गदर्शकांशी आधी बोलून तोंडी संमतीचा नमुना मंजूर करून घ्या. विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याचं पत्र आणि ओळखपत्र मात्र जवळ ठेवा, पोलिसांनी किंवा एखाद्या कार्यकर्त्यानं हटकलं तर तेच उपयोगी पडतं. मुकादमाच्या किंवा नगरसेवकाच्या ओळखीनं नाक्यावर जाऊ नका. एका दिवसात 30 माणसं मिळतील खरी, पण त्या नाक्यावर मुकादमाविरुद्ध एक शब्दही तुमच्या कानावर येणार नाही. मुलाखतीचे पैसे देऊ नका. चहा पाजा, आणि त्यांनी पाजला तर घ्या.

विचारायचं काय? 'साधारणपणे', 'नेहमी', 'महिन्याला' हे शब्द काढून टाका. 'मासिक उत्पन्न किती?' याला रोजावरच्या माणसाकडे उत्तरच नसतं, मग तो तुम्हाला बरा वाटेल असा आकडा देतो. त्याऐवजी कालपासून मागे जा : काल काम मिळालं का? कुणाकडे? काय काम? कुणाबरोबर गेलात? रोज किती ठरला, हातात किती आला, कधी आला? परवा? असे सात दिवस. सात दिवस सांगता सांगता तीन दिवस काम नव्हतं, एका दिवसाचे पैसे अजून अडकलेत, एक दिवस पोरगं आजारी म्हणून घरी राहिली, हे सगळं बाहेर येतं. ज्या समस्या रकान्यात आल्या नाहीत त्या इथे येतात, आणि तारखेसकट येतात. उक्त्या कामात आणखी एक विचारावं लागतं : एकराचे ठरलेले पैसे टोळीत वाटले कसे? बाईला आणि पुरुषाला सारखे का? मुकादमाचा वाटा आधी निघतो की नंतर? हे तिघांना वेगवेगळं विचारा. आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका, कुणाच्या सांगण्यात काय गळतं ते लिहून ठेवा.

कुटुंब मोजताना चूल धरा. जनगणनाही एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांनाच एक कुटुंब धरते. पण स्थलांतरित घराच्या चुली दोन असतात : एक पालावर, एक गावी, जिथे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं असतात. दोन्हींची नोंद घ्या आणि धान्य कुठून कुठं जातं ते विचारा. गावाहून नागली-तांदूळ बरोबर आणला का, या एका प्रश्नावरून मुक्काम किती दिवसांचा धरून आलेत हे कळतं. जात-जमात पहिल्या भेटीत विचारू नका. गाव, पाडा, घरी बोलतात ती भाषा, टोळीतले कोण काय लागतात, एवढं विचारलं की 'आम्ही कोकणा', 'आम्ही महादेव कोळी' हे ती माणसं स्वतःच सांगतात. तुमच्या शीर्षकात 'आदिवासी मजूर' आहे, आणि नाक्यावर त्यांच्याशेजारी इतर समाजांचे आणि परराज्यांतले मजूरही उभे असतात. त्यांच्याकडे डोळेझाक केलीत तर कुणाला आधी काम मिळतं, हा प्रश्नच अर्धा राहील.

एकूण 12 ते 15 मुलाखती पुरतात, प्रत्येकी 40-50 मिनिटांच्या, शक्य तिथे दोन भेटींत. त्याशिवाय चार-पाच दुसऱ्या बाजूच्या : एक-दोन शेतकरी, एक मुकादम, पिकअपचा चालक, टपरीवाला. वेळ मिळाला तर गंगापूर रोडनं पुढे गिरणाऱ्याला एक सकाळ जाऊन या. तिथला मजूर बाजार शेतीच्या कामांचाच आहे, शहरातल्या नाक्याशी तुलना सहज करता येते. रेकॉर्डिंग परवानगीशिवाय नको, आणि परवानगी मिळाली तरी सगळंच रेकॉर्ड करू नका. एक तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला चार ते सहा तास जातात, कोकणा मिसळलेलं असेल तर त्याहून जास्त. पाच मुलाखती झाल्या की थांबा. त्या वाचून काढा, काय पुन्हा पुन्हा येतंय आणि कुठं तुमचाच प्रश्न चुकतोय ते दोन पानांत लिहा, मग पुढच्या घ्या. सगळ्या मुलाखती आधी उरकून विश्लेषण शेवटी करणाऱ्यांना चौदाव्या आठवड्यात कळतं की खरा प्रश्न विचारायचाच राहिला.

पालावर अठरा वर्षांखालची मुलं काम करताना दिसतील. त्यांची मुलाखत पालकांच्या परवानगीशिवाय घ्यायची नाही. मूल धोक्यात आहे असं दिसलं तर 1098 ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे. उचल घेतल्यामुळे कुणाला काम सोडून जाता येत नाही असं ऐकलंत, तर तो 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याचा विषय होऊ शकतो. एकट्यानं चौकशी करत बसू नका. त्याच दिवशी मार्गदर्शकांना सांगा आणि पुढे काय करायचं ते त्या कुटुंबाला विचारून ठरवा, कारण परिणाम त्यांना भोगावा लागतो.

आता मार्गदर्शकांच्या 100 बद्दल. संख्या हवीच असेल तर ती शेवटी घ्या, आणि प्रश्नावली न देता अनुसूची वापरा, म्हणजे प्रश्न तुम्ही विचारायचे आणि उत्तर तुम्हीच लिहायचं. 12 प्रश्न, सात मिनिटं, एका पानात. त्यातले शब्द तुमच्या मुलाखतींतून आलेले असावेत : 'रोजगाराचा प्रकार' नको, 'रोजानं का उक्तं' हवं. माणसं निवडताना ओळखीची किंवा बोलकी धरू नका. रस्त्याच्या एका टोकापासून दर पाचव्या माणसाला विचारा, नकार दिला तर नकार मोजा आणि पुढच्या पाचव्याकडे जा. सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेळा आधीच्या मोजणीच्या प्रमाणात वाटून घ्या. अशा 40 ते 60 अनुसूची पुरे आहेत. तरीही लिहिताना दशांश टक्के नकोत. 50 माणसांत एक माणूस म्हणजेच 2 टक्के, तिथे '37.84 टक्के' हा आकडा कुठून आला असं कुणीही विचारेल. 'पन्नासपैकी इतके' असंच लिहा.

सिद्धांताचं प्रकरण नाक्यावरून परत आल्यावर लिहा. दक्षिण गुजरातमधल्या फिरत्या मजुरांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी अनेक दशकं काम केलं आहे. सुरगाण्याची हद्द त्याच पट्ट्याला लागून आहे, त्यामुळे मुकादम, उचल आणि हंगाम यांचा संबंध तिथे कसा दिसतो आणि तुमच्या नाक्यावर कसा, ही तुलना नेमकी होते. एक चूक मात्र टाळा. प्रोजेक्टमध्ये 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा सरसकट चिकटवलेला असतो. तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगारांसाठी होता आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. पेठहून पंचवटीत आलेली बाई राज्याची हद्द ओलांडतच नाही.

पहाटेचं जमणार नसेल तर नाशिकमध्ये जागांची वाण नाही. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार दिवसाउजेडी पाहता येतो : कोणत्या विक्रेत्याची जागा कोणती आणि ती कशी ठरली, एवढाच प्रश्न सत्रभर पुरेल. रामकुंडावर दशक्रिया विधीभोवती कोणकोणाचे व्यवसाय उभे आहेत आणि ते एकमेकांना गिऱ्हाईक कसं देतात, हाही चांगला विषय आहे. मात्र तिथे शोकात असलेल्या घरांना प्रश्न विचारायचे नाहीत, सेवा देणाऱ्यांशीच बोलायचं. लासलगावच्या कांद्याच्या खळ्यांवर निवड करणाऱ्या बायांची कामाची जागा ठरलेली असते, त्यामुळे तिथे माणसांची यादी बनवता येते आणि संख्यात्मक पाहणीही जमते. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यांत आत शिरायला परवानगीतच सत्र जातं. गेटबाहेरच्या टपऱ्या पाहायच्या असतील तरच तिकडे वळा.

मार्गदर्शकांकडे जाताना '100 जमत नाहीत' म्हणत जाऊ नका, एक पान घेऊन जा. वर नवा प्रश्न एका वाक्यात. खाली पंधरा आठवड्यांची आखणी : पहिले दोन निरीक्षण आणि मोजणी, पुढचे सहा मुलाखती आणि पालावरच्या भेटी, नववा-दहावा अनुसूची, अकरा ते चौदा विश्लेषण आणि लेखन, पंधरावा दुरुस्तीला. होळी कोणत्या आठवड्यात येते ते पाहून तो आठवडा कोरा ठेवा. त्याखाली, टक्केवारी का देणार नाही आणि त्याऐवजी काय देणार, हे तीन ओळींत. आणि पानाला जोडून एका सकाळची मोजणी आणि एका रात्रीची पूर्ण नोंद. बहुतेक मार्गदर्शक 100 मागतात ते विद्यार्थी प्रत्यक्ष जाऊन आला याची खात्री हवी म्हणून. ती खात्री चार पानांच्या नोंदीतून मिळाली की आकड्यावर बोलणं सोपं होतं. तरीही ते 100 वर ठाम राहिले, तर अनुसूची सहा प्रश्नांवर आणा आणि 100 भरा, पण मुलाखती 12 पेक्षा कमी करू नका. उद्या सकाळी जाणार असाल तर फॉर्म घरीच ठेवा, खिशात डायरी, दोन पेनं आणि चहापुरते सुट्टे पैसे घ्या, आणि साडेसहाची पहिली मोजणी चुकवू नका.